कोयता एक, माणसे दोन : साखर आयुक्त आणि कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. साखर आयुक्त, साखर संकुल, पुणे
तसेच
राज्यातील सहकारी व खाजगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि सर्व संचालक

विषय : ऊसतोडणी करणाऱ्या बाईची स्वतंत्र नोंद आणि तिच्यासाठीच्या किमान सोयी गाळप परवान्याच्या अटींत घालण्याबाबत

स. न. वि. वि.

येत्या हंगामाच्या गाळप परवान्यांचे अर्ज साखर संकुलात येतील. मागच्या हंगामाची एफआरपी (उसाची ठरलेली किमान किंमत) दिली का, देणी भरली का, हे तपासले जाईल, आणि ते तपासलेच पाहिजे. ज्यांनी तो ऊस तोडला त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या माणसांची नावे मात्र त्या कागदांत कुठेही नसतील, कारण ती नावे मुळात कुणी लिहिलेलीच नाहीत. दर हंगामाला असेच होते आणि दर हंगामाला परवाने मिळतात. म्हणून हे पत्र.

आम्ही बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची ओळखपत्रे, बँकेची खाती, विम्याचे दावे आणि दवाखान्याची कागदपत्रे यांच्या कामात मदत करणारी माणसे आहोत. अर्ज कुठे अडतो आणि का अडतो हे आम्हाला पाठ झाले आहे. योजना कोणत्याही खात्याची असो, बहुतेक वेळा गाडी एकाच ठिकाणी थांबते : ही बाई ऊसतोड कामगार आहे याचा लेखी पुरावा आणा. तो पुरावा देऊ शकणारे तुम्हीच आहात, आणि तुम्ही तो देत नाही.

व्यवहार कसा चालतो हे तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र साखर खाणाऱ्यांनीही वाचावे म्हणून थोडक्यात मांडतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, लातूर इथल्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुण्याकडे आणि कर्नाटकात निघतात. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी असतो. वाहतूकदार मुकादमाला, म्हणजे टोळी जमवणाऱ्याला, पैसे देतो आणि मुकादम गावात उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटतो. उचल मिळते कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. माणूस एकटा असेल तर अर्धा कोयता आणि उचलही निम्मी. कागदावर सही किंवा अंगठा नवऱ्याचा, रक्कम नवऱ्याच्या हातात. कारखान्यापासून मजुराच्या कोपीपर्यंतच्या (झोपडीपर्यंतच्या) या साखळीत बाईचे नाव एकाही पायरीवर येत नाही. उचल फेडायला मात्र ती पूर्ण बांधील. नवरा आजारी पडला, निघून गेला किंवा मेला, तरी मुकादम बाकी मागायला तिच्याच दारात येतो.

हंगाम सुरू करताना बॉयलर पेटवायच्या पूजेला संचालक सपत्नीक बसतात, पत्रिकेत दोघांची नावे छापतात. जोडीशिवाय पूजा होत नाही हे ज्यांना कळते, त्यांच्या शेतकी विभागाच्या रजिस्टरात एका कोयत्यासमोर दोन ओळी का नसाव्यात?

आता काम पाहा. नवरा बुडख्यापासून ऊस तोडतो. बाईही तोडते, शिवाय पाचट काढते, शेंडा छाटून वाढे वेगळे करते, ऊस गोळा करून मोळी बांधते, आणि डोकी सेंटरला (जिथे ऊस डोक्यावरून वाहून गाडीत भरतात) ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढते. एक मोळी २५-३० किलोची. जोडीने दिवसात दोन टन ऊस भरला तर अशा ६७ ते ८० मोळ्या होतात. त्यांतल्या निम्म्या तिच्या डोक्यावरून गेल्या असे धरले तरी दिवसाला एक टन वजन ती दवाने निसरड्या झालेल्या फळीवरून वर नेते. गाडी रात्री दोनला आली तर भरणी रात्री दोनला. पहाटे पुन्हा चूल, पाणी, पोरांचे आवरणे, भाकरी बांधून घेणे, आणि उजाडायच्या आत फड (तोडणीचे शेत). हे दुसरे काम कोणत्याच टनात मोजले जात नाही. पण ते झाले नाही तर पुरुषही फडात उभा राहू शकत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

बाईला मजुरी स्वतंत्र द्या म्हटले की शेतकी विभागाकडून ठरलेले उत्तर येते. दर टनाला आहे, बाईचा वेगळा आणि पुरुषाचा वेगळा असा दर नाही, मग भेदभाव कसला? हे उत्तर चतुर आहे, बरोबर नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ चा, आता त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. दोन्हींचा आधार एकच, कामगाराला त्याच्या कामाचे वेतन मिळते. इथे बाईला वेतन मिळतच नाही. तिच्या नवऱ्याच्या नावे उचल लागते आणि नवऱ्याच्या नावे वळती (मजुरीतून वजा) होते. दर कितीही समान असला, तिच्या नावापुढे शून्य असेल तर तुलना कशाशी करणार? दर दोन टनांतला एक टन तिचा आहे हे एकदा लिहिले की हा प्रश्न आपोआप सुटायला लागतो. लिहिले नाही, तर दर वाढूनही तिच्या हाती काही पडत नाही.

हिशेबच करू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. सेंटरनुसार आणि अंतरानुसार त्यात फरक पडतो, पण हाच धरू. दोन टनांचे ७३२ रुपये, माणशी ३६६. जोडीने एक लाख उचल घेतली असेल तर ती फिटायला साधारण २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे दिवसाला दोन टनांनी १३७ दिवस, एकही सुट्टी न घेता. ऊस कमी असला की शंभर दिवसांच्या आसपासच पट्टा पडतो (तोडणी संपते). उरलेली बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि पुढच्या हंगामाला यायचे की नाही हे ठरवायचा तिचा हक्क तिथेच संपतो. याच हिशेबात खाडा, म्हणजे कामावर न आलेला दिवस, बसवा. अनेक टोळ्यांत एका दिवसाच्या खाड्याला ५०० रुपये कापतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. कोयता जोडीचा असल्याने एक जण बसला तरी काम थांबते. म्हणजे बाईने एक दिवस अंग टाकले तर ७३२ रुपये बुडाले आणि वर ५०० चा दंड, एकूण १,२३२ रुपयांचा खड्डा. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत विश्रांती घ्यायची किंमत यावरून काढता येईल.

या खाड्याचाच दुसरा हिशेब दवाखान्यात जाऊन पोचतो, त्यावर जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

फडात आडोसा नसतो. कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, चारचौघांच्या नजरेसमोर ते वाळत घालायची सोय नाही. म्हणून एकच कापड दिवसभर, किंवा ओलसर कापड परत. लघवीला जाणे टाळण्यासाठी पाणी कमी प्यायचे. यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट आणि कंबर दुखते, लघवीला जळजळते. या तक्रारींचा पहिला उपाय ऑपरेशन नव्हे. आतून तपासणी, गर्भाशयमुखाची चाचणी, गरज असेल तर सोनोग्राफी, औषधांचा पूर्ण कोर्स आणि संसर्ग परत होऊ नये म्हणून लागेल तिथे नवऱ्यालाही औषध, अशी वैद्यकीय रीत आहे. पण कोर्स म्हणजे पुन्हा दाखवायला जाणे, आणि दाखवायला जाणे म्हणजे खाडा. त्यामुळे चार गोळ्या मेडिकलमधून घ्यायच्या, बरे वाटले की बंद. हंगामभर दुखणे अंगावर काढून बाई गावी परतते आणि खाजगी दवाखान्यात तिला ऐकवले जाते की पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. नसबंदी झालेली, दोन-तीन लेकरांची आई असलेली, तिशीही न गाठलेली बाई तेव्हा आपला हिशेब मांडते. एकदाच खर्च, मग पाळी नाही, खाडा नाही. तो खर्चही मुकादमाच्या उचलीतून येतो, म्हणजे ऑपरेशनसुद्धा पुढच्या हंगामाच्या उसातूनच फेडायचे.

२०१९ मध्ये हा प्रकार चव्हाट्यावर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जवळजवळ सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. फरक निसर्गाने घडवलेला नाही.

त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांनी अंमलात आणाव्यात असे सांगितले. चांगलेच झाले. पण हे सगळे उपाय ऑपरेशन टेबलापाशी अडवणारे आहेत. बाई त्या टेबलापर्यंत ज्या कारणांनी येते, तो खाडा, ते पाणी, तो आडोसा, ही कारणे आरोग्य खात्याच्या हातात नाहीत, तुमच्या हातात आहेत. शिवाय परवानगी बीडमध्ये लागत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जाऊन ऑपरेशन करण्याची वाट मोकळी राहते, हेही लक्षात घ्यावे.

ऑपरेशननंतरचे दुखणे कुठल्याच पाहणीत मावत नाही. पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढल्यावर किमान सहा आठवडे जड उचलायचे नसते. बीजकोशही काढले असतील तर कमी वयातच पाळी गेल्यानंतरचे सगळे त्रास सुरू होतात. अंगाची आग, झोप न लागणे, आणि हाडे ठिसूळ होणे. हाडे ठिसूळ झालेली बाई पुढच्या दसऱ्याला ३० किलोची मोळी घेऊन फळी चढते, आणि कंबर दुखते म्हणून तिला वेदनाशामक गोळी मिळते.

बाळंतपणाची तऱ्हा वेगळी नाही. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे बाईला कामाला लावू नये ही १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली साधी अट, आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ती तुमच्या कार्यालयातल्या लिपिकेला लागू होते. फडातल्या बाईबद्दल विचारले तर ती आमची कामगारच नाही असे उत्तर येते. त्यातून तिची नोंद गावच्या आशाताईकडे, माता-बाल संरक्षण कार्ड गावात, आणि सातवा-आठवा महिना सांगलीच्या एखाद्या शिवारात. तिथल्या आशाताईच्या यादीत ती नसते. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, यांतले काय राहून गेले हे कळ सुरू झाल्यावर कळते. मातृवंदना योजनेचा हप्ता अडकतो, बाळाची लस चुकते. हे टाळायला फार काही लागत नाही. टोळी तळावर (मुक्कामाच्या जागी) उतरल्यापासून आठ दिवसांत गरोदर आणि स्तनदा बायांची यादी कारखान्याने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि अंगणवाडीला द्यायची, इतकेच. पण यादी द्यायला आधी बाईचे नाव लिहिलेले असावे लागते. फिरून पुन्हा रजिस्टरच.

शौचालयांबद्दल कारखाने म्हणतात की टोळ्या फिरत्या असतात, सोय कुठे करणार? फड बदलतो हे खरे. तळ मात्र आठवडेच्या आठवडे, गाडी सेंटरला (जिथे ऊस बैलगाडीने कारखान्यात नेतात) तर हंगामभर, एकाच जागी असतो. कारखान्याच्या आवारात २५ बायांमागे एक शौचालय हा नियम तुम्ही पाळता. आवाराच्या कुंपणाला लागून असलेल्या कोप्यांना तो का नको? काही ठिकाणी फिरती शौचालये आली, उद्घाटनाचे फोटोही आले, आणि दोन आठवड्यांत ती बंद पडली. कारणे अगदी साधी आहेत. पाण्याची टाकी जोडलेली नव्हती. मैला उपसायचे काम कुणाकडेच दिलेले नव्हते. शौचालय पुरुषांच्या बसायच्या जागेसमोर ठेवले होते. दिवा नव्हता. कुलपाची किल्ली वॉचमनकडे होती. हे सगळे पाच मिनिटांत बायांनाच विचारले असते तर टळले असते. सॅनिटरी पॅड वाटण्याचे कार्यक्रमही असेच होतात. वापरलेले पॅड टाकायचे कुठे हे कुणी सांगत नाही, आणि पाणी असेल तर धुऊन उन्हात वाळवलेले सुती कापड बायांना जास्त परवडते. आधी पाणी आणा, मग पॅडचे बघू.

लैंगिक छळाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण कायदा स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने कामगाराची व्याख्या करताना कंत्राटदारामार्फत, मुख्य मालकाच्या माहितीने किंवा माहितीशिवाय कामाला असलेली व्यक्तीही धरली आहे. त्यामुळे "आमचा करार वाहतूकदाराशी" हे उत्तर इथे चालत नाही. कामाच्या जागेत मालकाने दिलेले वाहनही येते, म्हणजे गावाहून टोळी आणणारा ट्रकसुद्धा. कारखान्याची अंतर्गत समिती आणि जिल्ह्याची स्थानिक समिती, दोन्ही दारे तिच्यासाठी उघडी असायला हवीत. तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याने तक्रार सात दिवसांत जिल्हा समितीकडे पाठवायची असते. प्रत्यक्षात तळावरच्या एकाही बाईला त्या अधिकाऱ्याचे नाव माहीत नसते. तक्रारीची मुदत तीन महिने. घटना हंगामाच्या शेवटी घडली आणि टोळी परत फिरली, तर कोल्हापूरची तक्रार बीडहून कशी चालवायची याचा मार्ग कुणी आखून दिलेला नाही. मुकादमाविरुद्ध बोलायचे म्हणजे उचल ज्याच्याकडून घेतली त्याच्याविरुद्ध बोलायचे, ही अडचण तर सगळ्यांत वरची.

एकल बाईची गत आणखी वाईट. विधवा किंवा टाकलेली बाई कितीही चांगली तोडत असली तरी मुकादम तिला स्वतंत्र उचल देत नाही. भाऊ, दीर किंवा वाढत्या वयाचा मुलगा जोडीला लावावा लागतो आणि पैसा त्याच्या हातात जातो. याच जोडीच्या हिशेबापायी हंगामाच्या तोंडावर कोवळ्या पोरींची लग्ने उरकली जातात, कारण लग्न झाले की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो. आणि जी पोर लग्नातून वाचते ती धाकट्या भावंडाला सांभाळायला तळावर येते, म्हणजे शाळेतून जाते. साखरशाळा (मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळा) एके काळी होत्या, आता बहुतेक नाहीत. या मुलांसाठी वसतिगृहे मंजूर झाली ती स्वागतार्हच, पण दोन वर्षांचे लेकरू वसतिगृहात राहत नाही. त्याला फडाजवळ पाळणाघर लागते, नाहीतर ते उसाच्या सरीत झोपते आणि ट्रॅक्टर तिथूनच वळतो.

पैसे नाहीत असे मात्र कुणी म्हणू नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि शासनाने तेवढीच भर घालायची, असे ठरलेले आहे. राज्याचे गाळप १० कोटी टन धरले तर कारखान्यांचे १०० कोटी आणि शासनाचे १०० कोटी होतात. आठ लाख टन गाळणाऱ्या एकट्या कारखान्याचा वाटा ८० लाख. तोडणी यंत्र घ्यायला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांतले कमी ते, अनुदान शासनाने देऊ केले. यंत्राला आमचा विरोध नाही, मोळी वाहण्यात कुणाला सुख नाही. पण यंत्रावर चालक आणि मदतनीस म्हणून पुरुषच लागतात, आणि फडातून आधी बाहेर पडते ती बाई. नोंद नसलेल्या कामगाराला कामावरून काढले याचीही नोंद होत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने या मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली आहे. तुम्ही न्यायालयाच्या प्रत्येक तारखेची वाट पाहण्याची गरज नाही. परवाना तुमच्या सहीने निघतो.

आमच्या मागण्या अशा :

१. टोळीच्या नोंदीत प्रत्येक माणसाची वेगळी ओळ असावी. त्यात नाव, वय, गाव, आधारवरचे नाव आणि बँक पासबुकावरचे नाव, खाते क्रमांक, मुकादमाचे नाव, टोळी क्रमांक, कामावर आल्याची तारीख, आणि उचलीत तिचा हिस्सा किती, हे रकाने असावेत. आधारवर सासरचे नाव आणि पासबुकावर माहेरचे, या एका कारणाने बायांची खाती सर्वाधिक अडतात. म्हणून दोन्ही नावे लिहावीत आणि ती जुळवण्याचे काम टोळी निघायच्या आधी गावातच, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) ओळखपत्र नोंदणीसोबत व्हावे. कुटुंबाला एक ओळखपत्र चालणार नाही. दोघांना दोन द्यावीत.

२. टनाच्या पावतीवर कोयत्यासमोर दोन्ही नावे छापावीत आणि मजुरीचा निम्मा भाग बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा. संयुक्त खाते नको, कारण त्याचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असते, कधी मुकादमाच्याही. उचल दिली तर ती दोघांच्या सहीने, निम्मी-निम्मी. आणि एकाच्या मृत्यूनंतर किंवा विभक्त झाल्यावर दुसऱ्याच्या माथी पूर्ण बाकी मारता येणार नाही, ही अट वाहतूकदाराच्या करारात लिहावी.

३. खाड्याचा दंड पूर्ण बंद करावा. पाळी, गरोदरपण, बाळंतपण, आजार आणि दवाखाना यांसाठी तर एक रुपयाही कापला जाऊ नये. महिन्यातून चार दिवस पगारी विश्रांती हवी, आणि ते पैसे कल्याण महामंडळाच्या निधीतून यावेत, टोळीतल्या इतरांच्या हिश्शातून नव्हे. नाहीतर विश्रांती घेणाऱ्या बाईशी टोळीच वैर धरेल.

४. प्रत्येक तळावर पाणी, शौचालय, न्हाणी आणि दिवा. १५ कोयत्यांच्या टोळीत ३० मोठी माणसे आणि साधारण १५ मुले धरली, आणि माणशी रोज ४० लिटर, तर १,८०० लिटर होतात. म्हणजे २,००० लिटरची एक टाकी आणि रोज एक टँकर. अशा टोळीला बायांसाठी किमान दोन शौचालये, आतून कडी असलेली, पाण्याजवळ, पुरुषांच्या वावरापासून लांब. जागा बायांनी ठरवावी. उपसा आणि सफाई कोण करणार त्याचे नाव आणि फोन दारावर लिहावा. फडावर नेण्यासाठी चार बांबू, हिरवी जाळी, एक बादली आणि पिंप एवढेही चालेल. ते ट्रॉलीवर टाकून नेता येते. हे सुद्धा न परवडणारा कारखाना आम्हाला दाखवावा.

५. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर प्रत्येक बाईची तपासणी, तिचे कागद तिच्याकडेच, आणि गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला तर शासकीय स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत मोफत. परवानगीची अट फक्त बीडपुरती नको, मजूर जिथून निघतात त्या सगळ्या जिल्ह्यांत हवी. तळावर आठवड्यातून एकदा परिचारिका यावी, आणि तिने संध्याकाळी यावे. सकाळी दहाला तळावर म्हातारी आणि पोरे याशिवाय कुणी नसते.

६. अपघातात बाई जखमी झाली किंवा दगावली तर भरपाईसाठी कारखान्याने मुख्य मालक म्हणून जबाबदारी घ्यावी. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात कंत्राटदाराच्या कामगाराबद्दल मुख्य मालक जबाबदार असतो हे होतेच, आणि आता त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. अंतर्गत समितीच्या सदस्यांची आणि तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याची नावे व फोन तळावर फलकावर लावावेत. ज्या जिल्ह्यात घटना घडली त्या जिल्ह्याच्या समितीने बीडसारख्या मूळ जिल्ह्यातून तक्रार स्वीकारावी आणि सुनावणी तिथूनच व्हिडिओ कॉलवर घ्यावी.

७. एकल बाईला स्वतंत्र कामगार म्हणून नोंदवून स्वतःच्या नावाने उचल आणि मजुरी मिळावी. दर ठरवण्याच्या बैठकांत प्रत्यक्ष तोडणी करणाऱ्या बायांच्या प्रतिनिधी असाव्यात, फोटोपुरत्या नव्हे, करारावर सही करणाऱ्या.

यांतल्या पहिल्या चार मागण्या गाळप परवान्याच्या अटी म्हणून घालाव्यात. बॉयलर पेटल्यापासून ३० दिवसांत आयुक्तालयाने कारखान्यागणिक तपासणी करावी आणि तिचा अहवाल जाहीर करावा. त्यात बायांची नोंद किती, किती जणींच्या खात्यात पैसे गेले, किती तळांवर टाकी आणि शौचालय चालू आहे, एवढे तीन आकडे असले तरी पुरे. जिथे नोंद शून्य, तिथला पुढचा परवाना थांबवावा. टनामागच्या १० रुपयांतून कोणत्या कारखान्याने किती भरले आणि त्यातले बायांसाठी किती खर्च झाले, तेही त्याच अहवालात यावे.

रजिस्टरच्या रकान्यांचा नमुना, वाहतूकदाराच्या करारात घालायची कलमे आणि तळ तपासणीचा एक पानी तक्ता आमच्याकडे तयार आहे. साखर संकुलात भेटीची वेळ दिलीत तर तोडणी करणाऱ्या काही जणींना सोबत घेऊन येतो. भेट हंगाम सुरू होण्याआधी द्यावी. नंतर त्यांना एका दिवसाचाही खाडा परवडत नाही.

आपले,
ऊसतोड महिलांच्या नोंदणी व हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते, जि. बीड